तुमच्या गावात बाग आहे का?

गेले तीन आठवडे रोज रात्री नऊ ते साडेनऊ मी परीक्षक असतो. आमच्या शेजारची मुलगी बीएस्सी नर्सिंग झालीय, जिल्ह्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नोकरी करते. तिला ब्रिटनला जायचंय. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे नोंदणी करायची तर इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं, त्यासाठी ती आयईएलटीएस देतेय. वाचन, ऐकणं आणि बोलणं या तिन्हींत ७ बँड, लेखनात ६.५. फी सोळा हजारांच्या वर आणि निकाल चालतो फक्त दोन वर्षं. वाचन-ऐकण्याचं तिचं ती बघते. बोलायला मात्र समोर माणूस लागतो, म्हणून माझी नेमणूक. मानधन एक कप चहा.

ज्यांच्या घरात हे वारं अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. समोर एक परीक्षक, रेकॉर्डिंग चालू. सुरुवातीला साधे प्रश्न : घर, गाव, काम, हवा, अगदी चपला-बूटसुद्धा. मग हातात एक कार्ड मिळतं. विचार करायला १ मिनिट, टिपायला कागद-पेन्सिल, आणि मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. शेवटी त्याच विषयावर जरा खोलात चर्चा. ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार या चारांना सारखं वजन. तुमचं मत बरोबर की चूक याला गुण नाहीत. गोऱ्या साहेबासारखा सूर काढायचीही गरज नाही, समोरच्याला कळलं पाहिजे एवढंच.

म्हणजे सगळे विषय रोजचेच. आणि घोडं अडतं ते नेमकं तिथेच.

पहिल्याच दिवशी मी इंग्रजीत विचारलं, तुझ्या गावात बाग आहे का? उत्तर एका दमात आलं. गावाच्या मध्यभागी एक विस्तीर्ण, नयनरम्य उद्यान आहे, शनिवार-रविवारी मी तिथे जॉगिंगला जाते, हिरवळ पाहून माझं मन प्रसन्न होतं. मी म्हटलं, छान, तिथली बाकडी कुठल्या रंगाची आहेत? ती गप्प. मग दोघंही हसत सुटलो.

आपली बाग काय आहे ते इथे सगळ्यांना माहीत आहे. फाटकाला कुलूप, आत मांडववाल्याचे बांबू, घसरगुंडीचा पत्रा फाटलेला. पोरं कुंपणावरून आत जातात म्हणून वर काटेरी तार. ही नयनरम्य बाग क्लासने दिलेल्या साठ पानी झेरॉक्समधली होती. तिच्या बॅचमधल्या सगळ्या मुलींच्या गावात हीच बाग, हेच जॉगिंग. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं हो. बोलण्याचा वेग बदलतो, नजर वर जाते आणि जरा वाकडा प्रश्न आला की गाडी रुळावरून उतरते.

क्लासवाल्यांना तरी किती बोलणार? मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, म्हणजे या मुलीने बारा वर्षं इंग्रजी विषय घेतला, पुढे नर्सिंगही इंग्रजीतून केलं. बारावीला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचे २० गुण असतात, तिला १८ होते. मी विचारलं, काय काय बोललीस? म्हणाली, "काका, नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. सर म्हणाले, नेक्स्ट." मराठीच्या निबंधाचं तरी वेगळं काय आहे? प्रत्येकाची आई प्रेमळ, प्रत्येकाचं गाव निसर्गरम्य. खरं लिहिलं तर मार्क जातात हे आपली पोरं चौथीतच शिकतात.

मग आम्ही एक नियम केला. उत्तर खरं पाहिजे, इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल.

दुसऱ्या आठवड्यात प्रश्न निघाला, कामावर कशी जातेस? झेरॉक्समध्ये 'मी सार्वजनिक वाहतूक वापरते' असं होतं. खरं म्हणजे ती वडापने जाते. आता वडापला इंग्रजीत काय म्हणणार? ती अडली, डोकं खाजवलं आणि मग सुरू झाली : एक जुनी जीप असते, सात जणांची, पण चौदा जण भरल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. पोरगं मागे लोंबकळत गावांची नावं ओरडतं. मी नेहमी मधल्या सीटवर, कारण मागे बसलं की गुडघे दुखतात. हे सगळं न थांबता. शब्द माहीत नसेल तर गोष्ट समजावून सांगता येणं यालाही परीक्षेत किंमत आहे. आणि मला तर त्या दिवशी तिच्या तोंडून पहिल्यांदा इंग्रजी ऐकल्यासारखं वाटलं.

परवा कार्ड आलं : जिथे तुम्हाला नेहमी वाट पाहावी लागते अशा एका जागेबद्दल सांगा. मिनिटभर ती कागदावर काहीतरी खरडत होती. मग फाट्याबद्दल बोलायला लागली. सकाळी सव्वासहाला तिथे उभं राहावं लागतं. शेड नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलंय, त्यावर कोनशिलाही आहे, पण बांधल्यापासून कुलूप. म्हणून ती घरून निघताना पाणी पीत नाही. वडाप भरायला पाऊण तास, पुढे तासाचा रस्ता, दवाखान्यात पोचल्यावर आधी हँडओव्हर. पाण्याचा पहिला घोट नऊनंतर. शेवटी म्हणाली (मराठीत आणतोय), "लघवीच्या इन्फेक्शनच्या बायका आमच्याकडे येतात. मी त्यांना सांगते भरपूर पाणी प्या. आणि मी स्वतः पीत नाही."

मोबाईलवर वेळ बघितली तर दोन मिनिटं वीस सेकंद झाली होती. परीक्षकाने मध्येच थांबवलं असतं. मी थांबवलं नाही. काळ दोन-तीनदा चुकले होते, तेही सांगायचं राहिलं.

नंतर विचारलं, "हे घरी कधी बोललीस?"

"कोण विचारतं, काका?"

हे तिने सहज म्हटलं, तक्रार म्हणून नाही. माझ्या मात्र डोक्यातून जात नाहीये. वर्षाला ग्रामसभा होतात, वॉर्डाच्या बैठका होतात, निवडणुकीला घरोघर माणसं येतात. त्या पोरीला तिच्या रोजच्या रस्त्याबद्दल पहिला प्रश्न विचारला तो कुठल्यातरी परदेशी परीक्षेच्या कार्डाने.

तिसऱ्या भागातले प्रश्न तर बघाच. बागांची देखभाल सरकारने करावी की लोकांनी? तरुण वाचनालयात का जात नाहीत? यावर ती म्हणाली, जातात की, पण मुलंच. हे शंभर टक्के खरं आहे. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आपलं वाचनालयही जुनं. तिथे स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळपासून जागा धरून बसतात आणि मुलींनी संध्याकाळी बसायचं तर कुठे, हे कुणी ठरवलेलंच नाही. मी स्वतः तिथला सभासद आहे आणि पुढच्या बैठकीत हा विषय मांडणार आहे. बघू कोण काय म्हणतं ते.

काही जण म्हणतील, इंग्रजी शिकवून पोरी बाहेर पाठवायच्या आणि गावाच्या नावाने रडायचं, हे काय? मला विचाराल तर जावं तिने. रात्रपाळीचे पैसे वेळेवर मिळावेत एवढी साधी तिची अपेक्षा आहे. पण जी आज इथे आहे आणि अजून वर्षभर तरी त्याच फाट्यावर उभी राहणार आहे, तिने पाणी प्यावं की नाही हा प्रश्न ब्रिटनचा नाही.

असो. सोमवारी पालिकेत अर्ज दिला. मजकूर तिचाच, कार्डावर जे बोलली तेच मराठीत लिहून काढलं. आवक क्रमांक पडलाय, पोच घेतलीय. साहेब रजेवर होते. सोबत जोडायला त्या फाट्यावरून रोज जाणाऱ्या बायकांच्या सह्या गोळा करतोय, कालपर्यंत ३१ झाल्या. शिक्षिका आहेत, कापडाच्या दुकानात कामाला जाणाऱ्या आहेत, कॉलेजच्या मुली आहेत. तुमच्या घरातलं कुणी त्या वाटेने जात असेल तर सांगा. रविवारी सकाळी नऊ ते अकरा कागद माझ्याकडेच असेल. तिची परीक्षा पुढच्या शनिवारी पुण्याला आहे, त्यामुळे रात्री नऊला मात्र कुणी येऊ नका, तेव्हा मी ड्युटीवर असतो.