वाऱ्याचा वाटा किती?

जहाज 10 नॉट वेगाने उत्तरेला निघालंय. पश्चिमेकडून 20 नॉटचा वारा सुटलाय. जहाजाचा निव्वळ वेग काढा. डोंबिवलीत अकरावीचं फिजिक्स शिकवणारे एक सर हे गणित पोरांना मुद्दाम बिनबोभाट सोडवू देतात. पोरं पटापट बाण काढतात. उत्तरेचा घटक 10, पूर्वेचा 20, वर पायथागोरस. उत्तर 22.4 नॉट, दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे 63 अंश. पान उलटायच्या आत सर विचारतात, "म्हणजे नाक उत्तरेला आणि जहाज खेकड्यासारखं आडवं पळतंय, तेही इंजिनाच्या दुप्पट वेगाने. पाहिलंय का कुणी?"

आकडेमोडीत खोट नाही. खोट आहे ती वाऱ्याचा अख्खा वेग जहाजाच्या पदरात टाकण्यात.

वारा जहाजाला उचलून नेत नाही, नुसता रेटतो. जहाजाचा बुडालेला भाग पाण्यात रुतलेला असतो आणि पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन. त्यामुळे वाऱ्याने जहाजाची वाट ढळते, पण बहुतेक वेळा काही अंशच. रिकामं, उंच बाजूंचं जहाज जास्त ढळतं. माल भरून खोल बसलेलं कमी. समजा 5 अंश ढळलं, तर 10 नॉटच्या जहाजाला आडवा घटक मिळतो जेमतेम 0.9 नॉट. कुठे 20 आणि कुठे 0.9! विमानाची गोष्ट निराळी. ते सगळंच्या सगळं हवेत असतं, म्हणून वाऱ्याचा बाण त्याला पुरता जोडायचा. परीक्षेत मात्र 22.4च लिहा, असंही सर सांगून ठेवतात; मार्क त्यालाच आहेत.

पाण्याच्या प्रवाहाला ही सूट नाही. तो होडीला सबंध वाहून नेतो. हे दाखवायला डोंबिवलीकरांना लांब जावं लागत नाही. मोठागावच्या काठावरून समोर माणकोलीची बाजू दिसते, मधून उल्हासची खाडी. हिशेबापुरती रुंदी 400 मीटर धरू. होडीचा स्वतःचा वेग सेकंदाला 2 मीटर, ओहोटीचा ओढा 1 मीटर. नाक थेट पलीकडे धरलं तर 200 सेकंदांत होडी काठाला लागते, पण 200 मीटर मुंब्र्याच्या अंगाला सरकून. गंमत अशी, की ओढा कितीही वाढला तरी पार व्हायला लागतात 200 सेकंदच. आडवा घटक उभ्या घटकाच्या कामात ढवळाढवळ करत नाही, आणि घटक पाडण्याचं सगळं कसब या एका गोष्टीवर उभं आहे. बरोबर समोर उतरायचं असेल तर नाक 30 अंश कल्याणच्या दिशेने वळवायचं. मग 2 मधला 1 ओढ्याशी झुंजण्यात खर्ची पडतो, पार जायला उरतो 1.73, आणि वेळ होतो 231 सेकंद.

पोरांची गाडी आणखी एका जागी हटकून अडते. पुस्तकात कोन आडव्या अक्षापासून मोजतात, होकायंत्र मोजतं उत्तरेपासून. त्यामुळे 30 अंशाच्या मार्गावर उत्तरेच्या घटकाला कोसाइन लागतो आणि पूर्वेच्या घटकाला साइन. "एक्सला कॉस" अशी घोकंपट्टी केलेला इथे आपटतो. शिवाय पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. त्याचा बाण पूर्वेकडे काढायचा, हे दहादा सांगावं लागतं.

याच खाडीवर 1657 नंतर हा हिशेब फळ्याविना चालायचा. त्या वर्षी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत मराठी आरमाराची जहाजं बांधली जाऊ लागली. काठावर दुर्गाडी किल्ला उभा आहेच. या जहाजांना समुद्र गाठायचा तर एक वाट ठाण्यावरून घोडबंदरमार्गे वसईला, पण तिच्या तोंडावर पोर्तुगीज बसलेले. ते थेट 1739 पर्यंत. वाट पश्चिमेची, आणि दुपारचा खारा वारा नेमका पश्चिमेकडून, म्हणजे तोंडावर.

तिरप्या शिडावर वाऱ्याचा जोर पडला की त्याचेही दोन घटक होतात. आडवा घटक पाण्यात बुडालेला सांगाडा पेलतो, पुढचा घटक जहाज हाकतो. म्हणून तर वाऱ्याच्या काहीशा विरुद्ध तिरकं जाता येतं. अगदी समोरून वारा आला तर मात्र नागमोडी जावं लागतं, आणि अरुंद खाडीत तेवढी ऐसपैस जागा असतेच असं नाही. अशा वेळी गलबताची वल्ही कामी येतात. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो, तो पाठीशी घेऊन ओहोटीबरोबर बाहेर पडणं सगळ्यात सोयीचं. फक्त भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पहाटेचा वारा आणि ओहोटी यांची गाठ पंधरवड्यातले काही दिवसच पडते.