मामाच्या बेटेगावी

विरारच्या पुढे गाडी रिकामी होते, असं ज्यांना वाटतं ते डहाणू लोकलला कधी बसलेले नसतात. विरारच्या फलाटावर भर दुपारीसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. दुधाचे रिकामे कॅन, फुलांची गाठोडी, मासळीच्या पाट्या, तारापूरच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला निघालेले कामगार. ही लोकल एप्रिल २०१३मध्ये सुरू झाली. आमच्या लहानपणी शटल होती, आणि ती कधी येईल याचा नेम नसे. पण गाडी कितीही उशिरा पोचो, बोईसरच्या फलाटावर मामा उभा असायचाच.

यंदाच्या चैत्रात मी बेटेगावला निघाले ती मामा गेल्यानंतर पहिल्यांदाच. गेल्या श्रावणात तो गेला. रात्री छातीत दुखलं, पहाटेपर्यंत सगळं संपलं. त्या तेरा दिवसांतलं मला फारसं काही आठवत नाही. आठवतात ती माणसं. जव्हार-मोखाड्यापासून चिंचणी-दांडीपर्यंतची, आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नसलेली कितीतरी माणसं दारात येऊन बसून गेली.

मामा एसटीत कंडक्टर होता, बोईसर डेपोला.

वैतरणा स्टेशन सुटलं की खाडीवरचे पूल लागतात. मधे वाढीवचं बेट, दोन्ही बाजूंना पाणी. मामा सोबत असला की इथे आम्हा भाचरांना दाराशी न जाण्याची ताकीद मिळायची, आणि पूल संपला की त्याचं खरं काम सुरू व्हायचं. रेल्वेत कंडक्टर नसतो, ही त्याच्या मते रेल्वेची मोठीच उणीव होती. मग तो स्वतःच स्टेशनं पुकारायचा. सफाळे आलं, भाजीवाल्या मावशींना आधी उतरू द्या. केळवे रोड आलं, पान खाणाऱ्यांनी इकडे नमस्कार करा, केळवे-माहीमचे पानमळे त्या बाजूला. पालघर आलं, सातपाटीच्या पापलेटवाल्यांनी उतरून घ्या. डब्यातली अनोळखी माणसंही हसायला लागायची आणि उमरोळी येईपर्यंत त्यातल्या दोघा-चौघांशी त्याचं नातंगोतं निघालेलं असायचं. पालघरला मात्र त्याचा आवाज खाली यायचा. १४ ऑगस्ट १९४२ला इथे पाच जण गोळीबारात पडले, त्यांच्या नावाचा हुतात्मा चौक आहे, हे तो दर वेळी सांगायचा. तेवढा वेळ थट्टा बंद.

बोईसरला पूर्वेकडे उतरलं की चिल्हार रस्त्याच्या रिक्षा लागतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा चिल्हार फाटा आणि तारापूरची औद्योगिक वसाहत यांना जोडणारा हा रस्ता. त्यामुळे रिक्षाच्या पुढेमागे सतत टँकर आणि ट्रेलर. धूळ इतकी की ओढणी नाकावरून काढता येत नाही. तारापूर म्हटलं की बाहेरच्यांना अणुवीज केंद्रच आठवतं. १९६९मध्ये देशातली पहिली अणुवीज इथे तयार झाली, हे शाळेत सगळेच शिकतात. पण बोईसर मोठं झालं ते कारखान्यांवर. रंग, रसायनं, औषधं, कापड, पोलाद. देशभरातून माणसं इथे आली, खोल्या करून राहिली, आणि त्यांच्यासाठी बेटेगाव-मानपर्यंत इमारती उभ्या राहिल्या. भातशेती आणि ताडाची झाडं मधल्या मोकळ्या जागांत अजून दिसतात. आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं बोईसर स्थानकही या मान-बेटेगाव भागातच होत आहे. मामाला त्याचा कोण आनंद! सकाळी अहमदाबादहून पाहुणा निघाला तर न्याहारीला माझ्याकडे, असं तो ज्याला-त्याला सांगायचा. पाहुणा कोण, ते ठरलेलं नव्हतं. न्याहारी काय, ते मात्र ठरलेलं होतं.

घर रस्त्यापासून थोडं आत आहे. मामीने दार उघडलं. "आलीस? हातपाय धू, ताडगोळे सोलून ठेवलेत." एवढंच बोलली. ताडगोळे सोलणं हे मामाचं काम होतं.

लोक त्याला मजेशीर माणूस म्हणतात, आणि तो होताच. जेवायची वेळ झाली की स्वयंपाकघराच्या चौकटीवर पितळी पळीने दोन ठोके द्यायचा. एसटीत दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा. ते दोन ठोके पडल्याशिवाय कुणी पहिला घास घेत नसे. पंगतीत तो "पुढे सरका, आत जागा आहे" म्हणत फिरायचा आणि दहा माणसांच्या ओसरीत वीस बसवायचा. लग्नात नवरदेवाच्या कानात असं काही सांगायचा की मंगलाष्टकांत नवरदेवाला हसू आवरत नसे. होळीला पहिला रंग मामीला, आणि तोही तिची परवानगी काढून, दारात हात जोडून.

पण नुसतं मजेशीर म्हणून त्याला आठवणं मला पटत नाही. मी त्या घरात सुट्ट्यांच्या सुट्ट्या काढल्या आहेत. ती मजा आपोआप होत नव्हती, तो ती रोज उठून करत होता. त्याच्या ड्युट्या वस्तीच्या गाडीच्या असत. संध्याकाळी डोंगरातल्या एखाद्या गावी गाडी पोचायची, ड्रायव्हर-कंडक्टरने तिथेच निजायचं आणि भल्या पहाटे शाळा-बाजाराची माणसं घेऊन परतायचं. पावसाळ्यात गाडीचं छप्परही गळायचं. अशा रात्रीनंतर दिवसभराचा हिशेब डेपोत भरून तो घरी यायचा आणि दारातूनच पोरांना हाक मारायचा. पिशवीत कुठल्याशा पाड्यावरच्या म्हातारीने दिलेली शेवळं असायची, त्यांची खाज मारायला सोबत काकडंही. शेवळं कशी निवडायची, काकडं का घालायची, हे सांगताना झोपेने त्याचे डोळे लाल झालेले मी पाहिले आहेत.

त्याच्या खिशात एक वही असायची. वाढदिवस, कुणाची दहावी, कुणाची बाळंतपणाची तारीख, कुणाशी कोण बोलत नाही. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. माझ्या आईचं आणि धाकट्या मावशीचं जमिनीवरून बिनसलं तेव्हा दोघींनाही त्याने उकडहंडीला बोलावलं, दुसरी येणार आहे हे कुणालाच न सांगता. थंडीतले दिवस. माठात कोनफळ, रताळी, वालपापडी, वांगी, ओलं खोबरं आणि मसाला भरायचा, तोंडाशी पाला कोंबून माठ उपडा घालायचा आणि भोवती जाळ करायचा. वेळ लागतो. मामाने दोघी बहिणींना त्या जाळावर लक्ष ठेवायला बसवलं आणि स्वतः "केळीची पानं आणतो" म्हणून गेला तो माठ उघडायच्या वेळेलाच परत आला. तोवर दोघी आजीच्या हातच्या उकडहंडीवर बोलायला लागल्या होत्या. जमिनीचा प्रश्न काही त्या दिवशी सुटला नाही. बोलणं मात्र पुन्हा तुटलं नाही.

या सगळ्याची किंमत मामीने मोजली, हेही लिहायला हवं. पगार कंडक्टरचा, पंगत सावकाराची. महिनाअखेरीला दुकानात उधारी सांगायला तीच जायची. मामाला ते कळत होतं. पाहुणे निजले की मोठी पातेली तो स्वतः विहिरीवर नेऊन घासायचा, मामीला हात लावू द्यायचा नाही. ते मी माडीच्या खिडकीतून पाहिलं आहे. तेव्हा तो गात नव्हता की कुणाची नक्कल करत नव्हता. घासत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे महालक्ष्मीच्या यात्रेला निघालो. डहाणू तालुक्यातल्या विवळवेढे इथे चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस ही यात्रा भरते. एसटीच्या जादा गाड्या सुटतात आणि मामाची ड्युटी बरीच वर्षं त्यांच्यावर असायची. घरची माणसं त्याच गाडीने जायची, तिकिटं काढून. फुकट कुणी नाही, सख्खी बहीणसुद्धा नाही. यंदाही आम्ही एसटीनेच गेलो. चिल्हार फाट्याला महामार्ग, मग मेंढवणची खिंड, पुढे चारोटी. खिंडीत गाडी हळू झाली तेव्हा धाकट्या मावसभावाने मामाच्या आवाजात "सुट्टे काढून ठेवा" म्हटलं. जमलं नाही त्याला. सगळे हसले, आणि मामी सगळ्यांत आधी हसली.

आदिवासींची ही मोठी देवी. जव्हारच्या मुकणे घराण्याकडून येणारा ध्वज वाघाडीचा पुजारी रात्री डोंगरावर नेऊन लावतो. खाली बाजार भरतो, त्यात सुकी मासळी, मिरच्या, कांदे, भांडी, पावसाळ्याची सगळी बेगमी. सुक्या बोंबलांच्या ढिगाशी बसलेल्या बाईने मामीला ओळखलं. "कंडाक्टर नाय आलं?" तिने विचारलं. मामीने सांगितलं. बाई काही वेळ मासळी सारखी करत राहिली, मग जोखलेल्या बोंबलांवर आणखी एक मूठ टाकली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी बेटेगावला परतल्यावर ओसरीवर सगळे बसले होते. मामाची जागा घेईल असं आमच्यात कुणी नाही आणि तसा प्रयत्नही कुणी करू नये, असं मला वाटतं. पण त्याची कामं तर होती, आणि ती कुणालातरी करायलाच हवी होती. मामीने ती वही आणली आणि आम्ही ती कामं वाटून घेतली. उकडहंडीचा माठ आणि लाकडं मोठ्या मावसभावाकडे. पुढच्या यात्रेची जमवाजमव धाकट्याकडे. दिवाळीच्या खर्चाचा वाटा आता प्रत्येक घराने आधी पाठवायचा, मामीने एक पैसा घालायचा नाही, हे माझ्या आईने ठरवलं आणि मावशीने उचलून धरलं. मोठी पातेली पुरुषांनी घासायची. वाढदिवसांच्या आणि परीक्षांच्या तारखा माझ्याकडे आल्या आहेत, आणि या रविवारपासून मी फोन करायला सुरुवात केली आहे.