आणि घरची सर्व मंडळी

दौंडच्या गार्डसाहेबांच्या घरात कोण कोण आहे, हे मला त्यांची गाठ पडण्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होतं. सकाळी आठला रेडिओ सिलोनवर ‘आप ही के गीत’ लागायचं. गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची गावं यायची: झुमरी तलैया, राजनांदगाव, भाटापारा, आणि मधूनच ‘दौंड से’. मग गार्डसाहेबांचं नाव, पाठोपाठ त्यांच्या सौभाग्यवतींचं, मग मुलांची वयाप्रमाणे उतरत्या क्रमानं, आणि शेवटी घरची सर्व मंडळी. दोन मुलांची तीन झाली, तिनाची चार झाली, तेही आम्हाला सिलोननंच सांगितलं. ‘सासुरवाडीला कळायच्या आधी कोलंबोला कळलं असेल,’ असं आमची आई म्हणायची.

आम्ही शिरूरचे. आमचा मर्फी रेडिओ फळीवर, अंगावर आईनं विणलेलं क्रोशाचं झाकण, आणि पत्र्यावरून शेजाऱ्यांच्या लिंबापर्यंत ताणलेली एरियलची तार. सिलोन कधी शेजारच्या खोलीत बोलल्यासारखा लागायचा, कधी खरखरीत बुडून जायचा, आणि नेमका पहिल्या नंबराच्या गाण्यालाच बुडायचा.

या वेडाची मुळं सरकारी आहेत. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांचा जन्म पुण्याचा, त्यामुळे दोष द्यायलाही लांब जायला नको. महायुद्धात दोस्तांच्या फौजांसाठी उभारलेलं तगडं प्रक्षेपण केंद्र कोलंबोत आयतं होतं. १९५२ च्याच ३ डिसेंबरला तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला अमीन सायानींचं ‘बहनों और भाइयों’ कानावर पडलं की अख्खा देश कान टवकारून बसायचा. केसकरांचं धोरण आवडलं नाही तरी त्यांचे आभार मानायला हवेत. एरवी दौंडचा गार्ड आणि शिरूरच्या एका दुकानदाराचा पोरगा यांची ओळख व्हायला कारण काय होतं?

माझंही नाव अधूनमधून लागायचं. एके दिवशी एक कार्ड आलं. पत्त्यात नुसतं माझं नाव, खाली ‘शिरूर (घोडनदी), जि. पुणे, रेडिओवाले’. पोस्टमननं काही न विचारता आणून दिलं. आत गार्डसाहेबांनी लिहिलं होतं: ‘पुढच्या रविवारी ड्यूटी नाही. बारामती, श्रीगोंदा, नगरकडची मंडळी येणार आहेत. वही घेऊन या.’

जनता सरकारचे दिवस होते. न्हावऱ्यावरून केडगाव, चौफुल्याला उतरून दुसरी एसटी, पाटस, मग दौंड. स्टेशनाबाहेर एक किरकोळ शरीराचा माणूस कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर खांद्याला लटकवून उभा होता. इतकी वर्षं ऐकलेलं नाव मला उगीचच दांडगं वाटायचं. मी पुढे झालो तर नमस्काराच्या आधी त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे २५ मीटरवर बरा लागतो की ४१?’

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये सतरंजीवर आम्ही पाच-सहा जण. बारामतीचे शिंपीकाका छोट्या रुळांवरच्या गाडीनं हलत-डुलत आलेले, श्रीगोंद्याचा एक कंपाउंडर, नगरचा एक कॉलेजातला. प्रत्येकाचं नाव प्रत्येकाला ठाऊक, चेहरा कुणाचाच नाही. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, मागून मुलं एकेक करून डोकावली. मी वयाप्रमाणे चौघांची नावं घेतली तेव्हा धाकटी पोर घाबरून आईच्या पदराआड गेली. वहिनी हसल्या. ‘भाऊजी, माझंही घ्या की. हे तर घरात कधी नावानं हाक मारत नाहीत. माझं नाव मी सिलोनवरच ऐकते.’

मग वह्या निघाल्या. गीतमालेची पायदानं, म्हणजे लोकप्रियतेच्या पायऱ्या, आम्ही सगळेच उतरवून ठेवायचो: तारीख, क्रमांक, गाणं, चित्रपट. गार्डसाहेबांची वही रेल्वेच्या जुन्या रजिस्टरात, अक्षर टपोरं, पहिल्या नंबराचं गाणं लाल शाईनं. पण मधले कितीतरी बुधवार कोरे. मालगाडीवरच्या माणसाला बुधवार कुठला मिळायला? ‘ब्रेकव्हॅन लोखंडाची, आत सिलोन लागत नाही,’ ते सांगत होते. ‘आउटरला गाडी थांबली की खाली उतरून ट्रान्झिस्टर वर धरायचो. तिसरं पायदान यायचं, दुसरं यायचं, आणि पहिल्या नंबराचा बिगुल वाजायच्या आत सिग्नल पडायचा.’ माझ्या वहीत भोकं होती ती वेगळ्या कारणानं. आमचे सेल उतरायचे. उन्हात वाळवून एक रात्र जास्त चालायचे, दुसरी नाही.

दुपारभर आम्ही एकमेकांचे बुधवार भरून काढले. शिंपीकाका तारीख पुकारायचे, ज्याच्याकडे असेल तो वाचायचा, बाकीचे उतरवून घ्यायचे. मधे पिठलं-भाकरी झाली, शेंगदाण्याची चटणी झाली. कुठलं गाणं सोळाव्यावरून एकदम चौथ्यावर गेलं यावरून कंपाउंडर आणि कॉलेजवाला हमरीतुमरीवर आले आणि वहिनींनी चहा टाकून ते भांडण मिटवलं.

पुढे मला मनमाडकडे नोकरी लागली. पुण्याहून त्या बाजूला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत. त्यात गाडी वीस-पंचवीस मिनिटं उभी राहायची. बाकीचे प्रवासी कंटाळायचे. मी आधी कार्ड टाकून ठेवायचो, आणि गार्डसाहेब ड्यूटीवर नसले तर फलाटावर ट्रान्झिस्टरसकट हजर असायचे. इंजिन लागल्याचा धक्का बसेपर्यंत आमच्या गप्पा चालत. वहिनींनी दिलेली पुरचुंडी ते शेवटच्या क्षणी खिडकीतून आत सरकवायचे.

नंतर घरोघर टीव्ही आला, सिलोन ऐकणारे कमी झाले. एका सकाळी ‘दौंड से’ ऐकलं. गार्डसाहेबांचं नाव, आणि लगेच थोरल्या मुलाचं. मला वाटलं, निवेदकानं गाळलं. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी कार्ड लिहायला घेतलं आणि काय विचारावं ते सुचेना. शेवटी रजा टाकून गेलो.

ते पायरीवर बसले होते. ‘सवयीनं आधी तिचं नाव लिहिलं,’ ते म्हणाले. ‘मग खोडलं. मग वाटलं, खोडलेलं कार्ड ते वाचतील की नाही. म्हणून नवं कोरं आणलं.’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘त्यानं नेहमीच्याच सुरात वाचलं हो. त्याला काय माहीत.’ सांत्वनाची वाक्यं मी वाटेत तयार केली होती. त्यातलं एकही तिथं उच्चारण्यासारखं नव्हतं. त्यांनीच उठून चहा टाकला. साखर कुठल्या डब्यात आहे ते त्यांना सापडत नव्हतं.

गार्डसाहेब करोनाच्या आधीच गेले. शिंपीकाका त्याहून आधी. २० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सायानी वारले. बातमी आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे ती कुणाला सांगावी म्हणून फोन हातात घेतला. एक्याण्णव वर्षांचा माणूस गेला याचं दुःख एका मर्यादेपर्यंतच होतं. ज्यांना ते सांगायचं ती माणसं उरली नव्हती. नातवाला सांगितलं, तर त्यानं मोबाइलवर सायानींचा आवाज काढून ऐकवला, एकदम स्वच्छ, कणभर खरखर नाही. मला तो ओळखीचाच वाटेना.

शेवटी दौंडला, त्या धाकटीला फोन लावला. तीही आता रेल्वेतच आहे, पन्नाशीला टेकली. ‘काका, शिरूरचे ना?’ म्हणाली. बाबांची वही तिनं ठेवली आहे. तिच्या जन्माच्या आठवड्यात पहिल्या नंबराचं गाणं कुठलं होतं, ते तिला हवं होतं, कारण बाबांच्या वहीत नेमका तो बुधवार भरायचा राहिलाय. माझ्याही वहीत तो नव्हता. ‘म्हणजे तुम्ही दोघांनी बाकी सगळं भरलंत आणि माझाच सोडलात,’ असं म्हणून ती माझ्यावर खोटं खोटं रागावली.

‘या ना एकदा दौंडला,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘येऊ कसा? तुमची मनमाडची गाडी आता त्या कॉर्ड लाइननं दौंड स्टेशनाच्या बाहेरच्या बाहेर जाते. इंजिन फिरवायला फलाटावर येतच नाही.’

त्यावर तिच्यातली रेल्वेवाली जागी झाली. ‘अहो काका, त्यानं प्रवाशांचा किती वेळ वाचतो!’