‘मेहनत कर, लागतोस’

सुट्टीत गावी, भडगावला गेलो की कोणी ना कोणी पोरगा गाठतोच. ‘भाऊ, सॉफ्टवेअरमधे कसं शिरायचं?’ बरेच दिवस माझं उत्तर ठरलेलं होतं: मेहनत कर, लागतोस. ते उत्तर अर्धवट होतं आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. म्हणून माझं काय काय चुकलं ते एकदा क्रमाने लिहून काढतो.

सुरुवात कॉलेजातच झाली. बी.एस्सी. कॉम्प्युटरला आमच्या लॅबमधे टर्बो सी++ होतं. निळा स्क्रीन, माउसपेक्षा कीबोर्डवरच सगळा कारभार. सी++ या भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरलं आणि हे सॉफ्टवेअर त्याच्याही आधीचं. त्यात नीट चालणारा प्रोग्राम आजच्या कंपायलरला दिला तर तो पहिल्या ओळीलाच अडतो. पण सगळा दोष त्या निळ्या स्क्रीनवर टाकता येणार नाही. जर्नलमधले प्रोग्राम मी चक्क पाठ करत होतो. पॅलिंड्रोम, फिबोनाची, मॅट्रिक्सचा गुणाकार. प्रॅक्टिकलच्या चिठ्ठीत जो निघेल तो घडाघडा उतरवायचा. एरर आली की ते इंग्रजी वाचायच्या भानगडीत पडायचं नाही, सगळं पुसून पुन्हा टाइप करायचं. मार्क चांगले पडले. त्यामुळे आपल्याला काही येत नाही हे कळायला पुण्याला जावं लागलं.

२०१९च्या पावसाळ्यात चाळीसगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. कर्वेनगरला कॉट बेसिसवर जागा, खाली मेस, आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ लिहिलेला एक क्लास. सी-डॅकचा सहा महिन्यांचा डॅक कोर्स मला माहीत होता, पण त्याला प्रवेशपरीक्षा होती. नापास झालो तर घरी काय सांगायचं, या भीतीने फॉर्मच भरला नाही. क्लासला परीक्षा नव्हती, फक्त फी होती. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत, तेही फुकट. फुकट आहेत म्हणूनच मी ते कमी दर्जाचे समजलो.

खोलीत आम्ही सगळे खानदेश-मराठवाड्याचे. एक म्हणायचा जावा, दुसरा म्हणायचा आता पायथॉनचं युग आहे, तिसरा डेटा सायन्सचे आकडे सांगायचा. ज्याचा इंटरव्ह्यू चांगला गेला त्याची भाषा मी दुसऱ्या दिवशी सुरू करायचो. प्रत्येक भाषेतले पहिले पाच धडे मला उत्तम येत होते. सहाव्या धड्यापर्यंत मी कुठल्याच भाषेत पोहोचलो नाही.

रिझ्युमेवर मात्र ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ होती. क्लासने आख्ख्या बॅचला एकच प्रोजेक्ट पेन ड्राइव्हमधे दिला होता. एका इंटरव्ह्यूत बाईंनी शांतपणे विचारलं, “यातली कोणती गोष्ट आज तुम्ही वेगळी लिहाल?” मी गप्प. स्वतः लिहिलेलंच नसेल तर त्यात काय खटकतंय हे कुठून सांगणार? पुण्यात याच्याही पुढची सोय मिळते: दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव, पगाराच्या स्लिपांसकट. खोलीतल्या एकाने तो घेतला. पडताळणीत पीएफची नोंद मागितली आणि तो तिथेच अडकला. मी तो घेतला नाही, पण ते सचोटीमुळे नव्हतं. खिशात तेवढे पैसे नव्हते.

मार्च २०२०मधे टाळेबंदी लागली आणि मी घरी आलो. गल्लीत रोज तोच प्रश्न, “काय भो, लागनी का नोकरी?” तो टाळायला मामांच्या कृषी केंद्रात जाऊन बसू लागलो. खरिपाची गर्दी होती, कपाशीचं बियाणं, खतं, औषधं, आणि निम्म्याहून जास्त माल उधारीवर. मामा म्हणाले, “एवढं शिकलास ना, मग ही वही कॉम्प्युटरवर घे.” पायथॉनमधे बिलाचा आणि उधारीचा प्रोग्राम लिहिला. लिहून झाला तेव्हा फार खूश होतो.

आठवड्यातच एक शेतकरी तावातावाने आला. त्याने न नेलेल्या युरियाची उधारी त्याच्या नावावर. मी गिऱ्हाईक ओळखायला नाव वापरलं होतं, आणि आमच्या तालुक्यात एकाच नावाचे, एकाच गावचे दोन पाटील सापडणं काही अवघड नाही. दोघांची खाती एक झाली होती. प्रत्येक नोंदीला वेगळा, दुसऱ्या कुणाला न मिळणारा क्रमांक हवा, हे मी ‘प्रायमरी की’ या मथळ्याखाली पाठ करून त्यावर पाच मार्क मिळवले होते. ते का हवं, हे त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर कळलं.

मग पैशांचा घोळ. बियाण्यावर जीएसटी नाही, खतावर तेव्हा ५ टक्के, कीटकनाशकावर १८. एका बिलात तिन्ही आले की बेरीज काही पैशांनी चुकायची. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे दोनच्या घातांत साठवतो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज त्याच्या लेखी नेमकी ०.३ येत नाही. उपाय साधा होता: रुपये ठेवायचेच नाहीत, सगळा हिशोब पूर्ण पैशांत करायचा. पुढे तारखा उलटल्या. ०३/०४ हा तीन एप्रिल की चार मार्च, यावर औषधाची मुदत अवलंबून होती. मग एकदा ऐन नोंदी चालू असताना वीज गेली आणि दिवसभराची उधारी उडाली. तिथे बॅकअप शिकलो. मामांच्या शिव्याही खाल्ल्या.

या दुकानात मी पहिल्यांदा एरर वाचायला लागलो, कारण समोर गिऱ्हाईक उभं असायचं आणि सगळं पुसून लिहायला वेळ नव्हता. पायथॉन चुकांची लांब यादी देतो. त्यातली शेवटची ओळ आधी वाचायची, मग वर चढत आपल्या फाइलचं नाव शोधायचं. एवढं कुणी पहिल्याच वर्षी शिकवलं असतं तर! पण शिकवलं असतं तरी मी ते पाठच केलं असतं.

२०२१च्या शेवटी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागलो. काम सपोर्टचं, शिफ्ट रात्रीची. इंटरव्ह्यूत दोन पाटलांची गोष्ट सांगितली, समोरचे हसले आणि अर्धा तास तेवढ्यावरच प्रश्न विचारत राहिले. मी स्वतःशी ठरवून टाकलं की मेहनतीचं फळ मिळालं. बाहेर काय चाललंय हे मी पाहिलंच नाही. २०२१–२२ या एका आर्थिक वर्षात टीसीएसने एक लाखाच्या आसपास फ्रेशर घेतले, इन्फोसिसने ८५ हजार. मोठ्या कंपन्या एवढी पोरं उचलत होत्या, तेव्हा छोट्यांनाही माणसं मिळत नव्हती. माझ्यासारखा सपोर्टवाला त्या ओघात आत गेला.

२०२२च्या दिवाळीत लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून गावात फिरलो. पगार विचारला की ‘बरा आहे’ म्हणून हसायचो. आमच्याच भागातल्या एका पोराला नेहमीचं उत्तर दिलं. त्याच्या वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं, क्लासची फी भरली, आणि तो २०२३मधे पुण्याला आला. तोवर वारं फिरलं होतं. २०२३–२४मधे टीसीएसची माणसं १३,२४९ने कमी झाली, इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी. तो माझ्यापेक्षा हुशार होता, स्वतःचा प्रोजेक्ट स्वतः लिहायचा. मुलाखतीचे फोनच आले नाहीत. शेवटी तो परत गेला. मी माफी मागायला गेलो तर म्हणाला, “भाऊ, तुमचं ऐकून नव्हतो आलो. तुम्हाला बघून आलो होतो.” यावर काय बोलणार?

आता विचारणाऱ्याला मी चार गोष्टी सांगतो. फी घ्यायची आणि नोकरीची हमीही द्यायची, असं जिथे असेल तिथे कर्ज काढून जाऊ नको. पुण्याला जाण्याआधी भडगावातल्या एका माणसाला रोज वापरता येईल असं काहीतरी करून दे. तो शिव्या देईल तिथून खरं शिक्षण सुरू होतं. किती महिने थांबायचं हे घरच्यांसोबत बसून आधीच ठरव, म्हणजे परत येणं हा पराभव वाटणार नाही. आणि मी कोणत्या वर्षी लागलो ते विचार, कारण माझ्या यशातला मोठा वाटा त्या वर्षाचा आहे.

हे सगळं सांगण्याआधी पगाराचा आकडा सांगतो. पहिलं वर्षभर माझ्या हातात महिन्याला वीस हजारही पडत नव्हते. त्या दिवाळीत हे एक वाक्य बोललो असतो, तर त्या पोराच्या वडिलांनी कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी निदान दोन दिवस विचार केला असता.