सरोजिनी नगरला जाताय? सुरीही बघा!

सरोजिनी नगरला सोमवारी जाऊ नका, बाजार बंद असतो. कपड्यांची खरेदी झाली की बाबू मार्केटमध्ये डोकवा; घरात लागणारं बरंच काही मिळतं. सुरी घेताना मात्र नुसत्या चकाकीला भुलू नका. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान 10.5 टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते सहजी गंजत नाही. कार्बन स्टील आजीच्या विळीसारखं: धार पटकन लागते, पण लिंबू-टोमॅटोने पातं काळं पडतं. चिरून झालं की लगेच धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा. दिल्लीच्या पावसाळ्यात रात्रभर ओली राहिली तर सकाळी गंज! चौघी मैत्रिणी एका फ्लॅटवर राहत असाल तर स्टेनलेसच घ्या. भांडी कोणी घासायची यावरून आधीच पुरेशी भांडणं होतात.