तीन भिंतींची खोली

पेरूला जाऊन आले त्याला वर्ष झालं, लिहायचं मात्र राहूनच गेलं. आज मुहूर्त लागलाय. का, ते शेवटी कळेलच.

पुएर्तो माल्दोनादोजवळून तांबोपाता नदीतून होडीने 'पोसादा आमाझोनास'ला पोचलो. खोलीला भिंती तीनच! चौथ्या बाजूला थेट जंगल. पहिल्या रात्री मच्छरदाणीत जीव मुठीत धरून पडले होते. पहाटे हाऊलर माकडांच्या घुमण्याने जाग आली आणि भीती कुठच्या कुठे पळाली. नदीकाठच्या दरडीवर पोपट माती खायला जमतात, तेही पाहिलं.

पण मनात राहिलं ते वेगळंच. ही जागा इन्फिएर्नो गावच्या एसे एहा लोकांची. इन्फिएर्नो म्हणजे चक्क नरक! त्यांनी १९९६ साली एका पर्यटन कंपनीशी करार केला. नफ्यातला ६० टक्के वाटा गावाचा ठरला. झाडं उभी ठेवूनही चूल पेटते, हे मी तिथे पाहिलं.

आता कारण. आपल्या गावच्या घरामागचं रान यंदा तोडायला द्यायचं चाललंय. दादा, छपराचा खर्च तुलाच दिसतो, हे खरं आहे. मी नुसती सुट्टीत येऊन पक्षी बघत बसले. पेरूच्या तिकिटासाठी पैसे साठवले, छपरासाठी कधी विचारलंसुद्धा नाही.

यंदाचा अर्धा खर्च माझा. रान तेवढं राहू दे. मे महिन्यात येतेय, मग बोलूच.