एका पौंडाला विकलेला क्लब

झाडू घेऊन माणसं आली होती. बादल्या, फडकी, कचऱ्याच्या पिशव्या. 27 ऑगस्ट 2019, मंगळवार. इंग्लंडमधल्या बेरी गावचं गिग लेन हे फुटबॉल मैदान साफ करायला शेकडो गावकरी जमले होते. म्हातारी माणसं खाली वाकून पायऱ्या झाडत होती. नवा मालक येतोय, क्लब वाचतोय, पुढचा सामना लख्ख मैदानावर व्हायला हवा, एवढीच त्यांची आशा. त्याच दुपारी तो नवा मालक माघारी फिरला आणि रात्री उशिरा बेरीची इंग्लिश फुटबॉल लीगमधून हकालपट्टी झाली.

1885 साली जन्मलेला आणि 1894पासून लीगमध्ये खेळणारा हा क्लब. दोनदा त्याने एफए कप जिंकला, 1900 साली आणि 1903 साली. दुसऱ्या वेळी तर अंतिम सामन्यात डर्बी काउंटीला सहा गोलांनी धूळ चारली. एवढा मान मिळवलेलं घराणं एका रात्रीत बेघर झालं.

मी इचलकरंजीचा. बेरी हे नाव मला फुटबॉलच्या आधी मागामुळे माहीत होतं. धावत्या धोट्याचं पेटंट 1733 साली घेणारा जॉन के याच गावचा. आजोबांच्या हातमागावर दोरीला हिसका दिला की धोटा या टोकाहून त्या टोकाला सुसाट जायचा. मी तासन्‌तास बघत बसायचो. कापसावर उभं राहिलेलं आणि पुढे गिरण्या बंद झाल्यावर पोरकं झालेलं गाव कसं असतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. अशा गावाला शनिवारचा सामना म्हणजे आठवड्याचा आधार असतो.

तो आधार कोणी काढून घेतला? 2013 साली बांधकाम व्यवसायातल्या स्टुअर्ट डे यांच्या हाती क्लब आला. वरच्या श्रेणीत जायचं म्हणून त्यांनी खेळाडूंना क्लबला झेपणार नाहीत असे पगार दिले. तिकिटांच्या पैशातून ते भागणं शक्यच नव्हतं. मग मैदान गहाण पडलं. मैदानालगतच्या वाहनतळाच्या जागासुद्धा एकेक करून गुंतवणूकदारांना विकल्या गेल्या. डे यांचा स्वतःचा धंदा बसला, तशी क्लबची गंगाजळीही आटली.

डिसेंबर 2018मध्ये त्यांनी क्लब स्टीव्ह डेल यांना विकला. किंमत, एक पौंड. बेरीत फुटबॉलचा संघ आहे हेच आपल्याला ठाऊक नव्हतं, असं या गृहस्थांनी नंतर रेडिओवर सांगितलं. ते ऐकल्यावर आजही माझ्या जिवाची कालवाकालव होते. त्यांच्याच कारकिर्दीत पगार रखडले. तरीही प्रशिक्षक रायन लो यांच्या पोरांनी एप्रिल 2019मध्ये ट्रॅनमियरशी बरोबरी साधून वरची श्रेणी गाठली. हातात पगार नाही, आणि पायांनी गावाची इभ्रत राखली.

दोष तिघांचा आहे, आणि मी तो तिघांच्या पदरात घालतो. ऐपतीबाहेर उधळणाऱ्या डे यांचा. क्लबशी काडीचं नातं नसताना तो ताब्यात घेणाऱ्या डेल यांचा. आणि सर्वांत मोठा, लीगचा. डेल यांच्याकडे पैसा आहे का, याचा पुरावा हाती येण्याआधीच लीगने हा व्यवहार होऊ दिला. राखणदाराने चौकशी न करता दार उघडलं आणि घर लुटलं गेल्यावर शिक्षा घरातल्या माणसांना दिली.

आमच्या कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा मागे अख्खी पेठ उभी असते. संघ पेठेचा असतो. बेरीचा संघही गावाचाच होता. फक्त कागदावर गावाचं नाव नव्हतं. ज्यांचा जीव अडकला होता त्यांच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांचा जीव कुठेच अडकला नव्हता. बेरी बुडाली ती या फटीतून.

गावाने मात्र हाय खाल्ली नाही. चाहत्यांनी नवा संघ उभा केला. 2022 साली सरकारी मदत आणि देणग्यांच्या बळावर गिग लेन चाहत्यांच्या संस्थेने विकत घेतलं. 2023मध्ये नवा संघ आणि ही संस्था असे दोन्ही गट एक झाले, आणि बेरी एफसी या जुन्याच नावाने, कितीतरी खालच्या श्रेणीतून, पुन्हा खेळ सुरू झाला.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावात संघ असेल, तालीम असेल, खेळाचं मैदान असेल, तर नुसते टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. त्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे आणि त्यावर बोजा कोणाचा आहे, हे आजच विचारा. झाडू हातात घ्यायची वेळ आल्यावर विचारून उपयोग नसतो.